जुन्या इनोव्हातला कंपनीचा स्टिरिओ घरी बदलायचा असेल तर

गाडीतून येणारा कंपनीचा कपलर, म्हणजे वायरींच्या टोकाचा प्लग, कापायचा नाही. ॲक्सेसरीच्या दुकानात "ताई, वायरी कापून डायरेक्ट जोडतो, अर्ध्या तासात गाडी न्या" असं सांगतात, त्यात वेळ त्यांचा वाचतो आणि काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला गुंता पुढची कैक वर्षं आपल्या डॅशबोर्डच्या पोटात राहतो. मे महिन्यात गाडी उन्हात तापली की त्या टेपचा डिंक सुटतो, वायरी उघड्या पडतात, आणि मग "पाऊस पडला की स्टिरिओ बंद होतो" अशा तक्रारी सुरू होतात.

मी सांगलीत एका ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट आहे, त्यामुळे मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न या माझ्या रोजच्या वस्तू. गाडी 2008 ची इनोव्हा, भाऊजींनी नवीन गाडी घेतली तेव्हा ती आमच्याकडे आली. इनोव्हा भारतात 2005 मध्ये क्वालिसच्या जागी आली आणि 2016 मध्ये तिची क्रिस्टा झाली. त्या मधल्या गाड्या अजून ठणठणीत पळतात. इंजिनाला काही होत नाही, पण स्टिरिओतल्या सीडीची लेन्स गेलेली असते आणि ब्लूटूथ मुळातच नसतं. इथे जे सांगते ते इनोव्हा धरून आहे. त्या काळातल्या कोरोलालाही बहुतेक तसंच लागू पडेल. गाडी दुसऱ्या कंपनीची असेल तर पद्धत हीच, कपलर आणि वायरींचे रंग वेगळे.

जुना स्टिरिओ चांगला वाजत असेल आणि फक्त फोनवरची गाणी ऐकायची असतील, तर हा उपद्व्याप करूच नका. लायटरच्या सॉकेटात बसणारा ब्लूटूथचा एफएम ट्रान्समीटर काही शे रुपयांत मिळतो. आवाज जेमतेम असतो, पण चालून जातं.

कोणता घ्यायचा

आधी फुटपट्टी. गाड्यांच्या स्टिरिओचं माप एका जर्मन मानकावरून आलेलं आहे, डीआयएन 75490, पुढे तेच आयएसओ 7736 झालं. म्हणून त्याला "डिन" म्हणतात. एक डिन म्हणजे साधारण 180 मिलिमीटर रुंद आणि 50 उंच. टू-डिन म्हणजे तेवढीच रुंदी, उंची 100. टोयोटाची खाच मात्र 200 मिलिमीटर रुंद असते. म्हणजे बाजारातलं साधं टू-डिन युनिट आणलं तर दोन्ही बाजूंना बोटभर फट उरते. तिथे बसवायच्या काळ्या पट्ट्या वेगळ्या मिळतात. "टोयोटाच्या साइड पट्ट्या" म्हटलं की दुकानदाराला कळतं. किंवा 200 मिलिमीटरवालंच युनिट घ्या. खोलीही मोजा. सीडी नसलेली युनिट आखूड असतात, आणि मागे वायरी कोंबायला जागा उरते. ही जागा किती मोलाची असते ते शेवटी युनिट आत ढकलताना समजतं.

सगळे विचारतात ते अँड्रॉइडच्या मोठ्या स्क्रीनबद्दल. मी घेतला नाही. खोक्यावर रॅमचे आकडे छापायला पैसे पडत नाहीत, आणि स्वस्तातली युनिट उन्हात तापली की अडखळायला लागतात. ते बाजूला ठेवलं तरी मुख्य मुद्दा वेगळा आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर आवाज कमी करायला स्क्रीनवर बोट टेकवायला गेलं की ते भलतीकडे पडतं. गोल बटण न बघता सापडतं. ज्यांना मागचा कॅमेरा हवाच आहे त्यांनी स्क्रीन घ्यावा, पण नावाजलेल्या कंपनीचा आणि आवाजाला बटण असलेला. मी ब्लूटूथ, यूएसबी, रेडिओ आणि एक मोठं गोल बटण असलेलं बिनसीडीचं टू-डिन युनिट घेतलं.

आता खोक्यावरचं "50 वॉट × 4". ते आमच्या बारावीच्या मुलांनाही खोडून काढता येईल. गाडी चालू असताना बॅटरीवर फार तर 14.4 व्होल्ट असतात. युनिटच्या आतला ॲम्प्लिफायर तेवढ्याच व्होल्टेजवर चालतो. 14.4 चं शिखर म्हणजे आरएमएस (वॉट काढायला धरायचं परिणामी व्होल्टेज) साधारण 10.2 व्होल्ट, त्याचा वर्ग भागिले स्पीकरचे 4 ओहम, उत्तर येतं 26 वॉट. हे कागदावरचं, काहीही वाया न जाता. प्रत्यक्षात चॅनलमागे 15 ते 20 वॉट स्वच्छ मिळाले तरी खूप झाले. पटत नसेल तर युनिटच्या पाठीमागचा फ्यूज बघा. बहुतेक वेळा तो 10 अँपिअरचा असतो. 10 गुणिले 14.4 म्हणजे 144. चार चॅनलचे मिळून 200 वॉट कुठून येणार? तेव्हा 50 आणि 55 वॉटच्या फरकासाठी जास्त पैसे देऊ नका.

सामान

महत्त्वाची वस्तू एकच, टोयोटाचा 10 आणि 6 पिनांचा हार्नेस, म्हणजे मधल्या जोडवायरींचा तयार संच. गाडीच्या बाजूने दोन पांढरे कपलर येतात. दहा पिनांच्या कपलरमध्ये करंट आणि पुढचे स्पीकर, सहा पिनांच्यात मागचे. हार्नेसचं एक टोक त्यांत बसतं, दुसरं टोक नव्या युनिटकडे जातं. ऑनलाइन मिळतो, पुण्याला जाणं होत असेल तर तपकीर गल्लीत विचारा. किंमत स्टिरिओच्या मानाने किरकोळ असते. तो घ्यायचा कंटाळा करून कंपनीचे कपलर कापणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं.

बाकी: दहा नंबरचा बॉक्स पाना आणि त्याला लांब एक्स्टेन्शन, फुलीचा डिसमिस, प्लास्टिकच्या पट्ट्या उचकटायला प्लास्टिकचीच पाती (लोखंडी डिसमिसने डॅशवर कायमचे ओरखडे उठतात), मल्टिमीटर, हीटश्रिंक नळी (तापवली की वायरीवर आवळून बसते), सोल्डर किंवा चांगल्या प्रतीचे क्रिम्प (दाबून बसवायचे जोड), वायरी बांधायला कापडी टेप आणि झिप टाय. स्क्रू ठेवायला वाट्या. प्रत्येक टप्प्याचे स्क्रू वेगळ्या वाटीत.

खरं काम टेबलावर

गाडीला हात लावण्याआधी घरात, पंख्याखाली, चहा घेत हे काम उरकायचं. बहुतेक लोक गाडीत वाकून, तोंडात बॅटरी धरून वायरी जोडतात आणि तिथेच घोळ होतो.

घोळाचं मूळ रंगांत आहे. नव्या युनिटच्या वायरींचे रंग जवळजवळ सगळ्या कंपन्यांचे सारखे असतात. टोयोटाच्या वायरींचे रंग पूर्णपणे वेगळे, आणि काही रंग दोन्हीकडे येतात पण अर्थ निराळा. म्हणून जोड्या अशा लावायच्या, आधी नव्या युनिटची वायर, मग गाडीची:

पिवळी, कायमचे 12 व्होल्ट: गाडीची निळी, पिवळ्या रेघेची
लाल, किल्ली एसीसीवर (इंजिन बंद, स्टिरिओ चालू ती खाच) असतानाचे 12 व्होल्ट: करडी
काळी, अर्थ म्हणजे बॉडीला जाणारी मायनस: तपकिरी
नारिंगी, रात्रीचे दिवे: हिरवी
पांढरी आणि पांढरी-काळी, पुढचा डावा स्पीकर: गुलाबी आणि जांभळी
करडी आणि करडी-काळी, पुढचा उजवा: फिकट हिरवी आणि निळी
हिरवी आणि हिरवी-काळी, मागचा डावा: काळी आणि पिवळी
जांभळी आणि जांभळी-काळी, मागचा उजवा: लाल आणि पांढरी

स्पीकरच्या जोडीतली पहिली वायर प्लस, दुसरी मायनस.

आता रंगाला रंग जोडला तर काय होईल ते बघा. युनिटची करडी वायर म्हणजे पुढच्या उजव्या स्पीकरचा प्लस. गाडीची करडी म्हणजे एसीसीचे 12 व्होल्ट. किल्ली फिरवल्याक्षणी बॅटरी थेट ॲम्प्लिफायरच्या आउटपुटमध्ये घुसते. हिरवीला हिरवी जोडली तर हेच हेडलाइट लावल्यावर होतं. दिवसा सगळं ठीक होतं, रात्री स्टिरिओ गेला, असं कुणी सांगितलं की मी आधी हिरवी वायर बघायला सांगते. काळीला काळी जोडली तर युनिटची अर्थिंग मागच्या डाव्या स्पीकरला जाते. एवढं झाल्यावर दोष मात्र नव्या युनिटला मिळतो, आणि दुकानदार वॉरंटीला हात वर करतो.

तयार हार्नेसमध्ये हे बदल आधीच केलेले असतात, पण स्वस्तातल्या हार्नेसवर आंधळा विश्वास ठेवू नका. मीटर कंटिन्युइटीवर (वायर सलग असली की वाजतं ते सेटिंग) ठेवून प्रत्येक पिन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा आणि कागदावर लिहा. युनिटच्या बाजूला आयएसओ कपलर (पुष्कळ कंपन्या वापरतात तो ठरावीक साच्याचा) असेल तर काम सोपं. करंटच्या कपलरमध्ये 4 नंबरला कायमचे 12 व्होल्ट, 7 ला एसीसी, 8 ला अर्थ, 6 ला दिवे, 5 ला अँटेना. काही युरोपियन गाड्यांत 4 आणि 7 ची अदलाबदल असते. म्हणूनच पुष्कळ हार्नेसवर पिवळ्या आणि लाल वायरीत मध्ये एक छोटा उघडता येणारा जोड देतात.

सोल्डर चांगलं की क्रिम्प, यावर भांडणारे भांडोत. टेबलावर, उजेडात, दोन्ही चांगले होतात. डॅशखाली वाकून दोन्ही वाईट. वायर पिळून सोल्डर करा, वरून हीटश्रिंक चढवा, मग प्रत्येक जोड हाताने ओढून बघा. सुटणारा जोड आत्ताच सुटलेला बरा. सगळे जोड एकाच जागी येऊ देऊ नका, मागेपुढे ठेवा, नाहीतर तिथे गाठोडं तयार होतं आणि युनिट आत सरकत नाही. मागे स्पीकर नसतील तर त्या वायरींची टोकंही हीटश्रिंकने झाका.

मग टेबलावरच युनिट चालवून बघा. संगणकाच्या यूपीएसमधली 12 व्होल्टची छोटी बॅटरी चालते. पिवळी आणि लाल एकत्र प्लसला, काळी मायनसला, प्लसच्या वायरीत 10 अँपिअरचा फ्यूज, आणि कुठलाही जुना स्पीकर पांढऱ्या जोडीवर. फोन जोडा, आवाज कमी ठेवून गाणं लावा, मग तोच स्पीकर चारही जोड्यांवर फिरवा. स्पीकरच्या मायनसला बॅटरीच्या मायनसशी कधीही जोडायचं नाही. आताच्या युनिटमध्ये स्पीकरची दोन्ही टोकं ॲम्प्लिफायर चालवतो, त्यांतलं कुठलंही अर्थला लागलं की ॲम्प्लिफायरचा जीव जातो. मारुती 800, पद्मिनी यांच्या काळात मिस्त्री एकच वायर स्पीकरकडे नेऊन दुसरं टोक सरळ बॉडीला लावायचे. त्या वेळच्या कॅसेट प्लेअरला ते चालून जायचं. तशा गाडीत नवं युनिट बसवायचं असेल तर स्पीकरपर्यंत नव्या दोन-दोन वायरी ओढाव्याच लागतात.

डॅश उघडताना

गाडी सावलीत लावा, हँडब्रेक ओढा. किल्ली काढून खिशात ठेवा. बॉनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा, त्याला दहा नंबरचाच पाना लागतो. होंडा, फोर्ड, स्कोडा, फोक्सवॅगनच्या काही गाड्यांत बॅटरी सोडली की जुना स्टिरिओ कोड मागतो. जुना पुन्हा कधी लावायची शक्यता असेल तर कोडचं कार्ड आधी शोधून ठेवा.

गाडीत एअरबॅग असतील तर केबल सोडल्यावर किमान 90 सेकंद थांबा. टोयोटाच्या पुस्तिकेत हेच लिहिलेलं असतं, कारण एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये तेवढा वेळ चार्ज राहतो. एअरबॅगचे कपलर आणि त्यांची वायरिंग पिवळ्या रंगाची असते. त्यांना सोडायचं नाही, ओढायचं नाही, आणि तिथे मीटरचं टोक चुकूनही लावायचं नाही. रेझिस्टन्स मोजताना मीटर स्वतःचा थोडा करंट सोडतो, आणि एअरबॅग फुटायला फार करंट लागत नाही.

गिअरच्या भोवती जुनी चादर अंथरा. स्टिरिओभोवतीची पट्टी क्लिपांवर बसलेली असते. एका कोपऱ्यातून प्लास्टिकचं पातं घालून थोडी सैल करा, मग दुसरा कोपरा, असं फिरत फिरत. सगळीकडे क्लिप "टक्" करून सुटली पाहिजे. एखादी जागा हट्टाने अडून बसली तर तिथे स्क्रू राहिलाय असं समजा आणि शोधा. ओढत बसू नका, पंधरा-सोळा वर्षांचं प्लास्टिक कडक झालेलं असतं आणि क्लिपचा कान तुटला की ती पट्टी खड्ड्याखड्ड्याला कुरकुरते. पट्टी सुटली तरी पूर्ण ओढून काढू नका, मागे स्विचांचे प्लग असतात. फोनवर फोटो काढा, प्लगची जीभ दाबून ते सोडा, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नाव लिहा.

आता स्टिरिओ दोन्ही बाजूंच्या लोखंडी ब्रॅकेटसकट बोल्टांवर दिसतो. बोल्ट दहा नंबरचे. शेवटचा बोल्ट काढताना एक हात खाली धरा. डॅशच्या आत घरंगळलेला बोल्ट शोधायला पुतण्याला उलटं झोपवावं लागतं. युनिट अर्धं बाहेर ओढलं की मागचे दोन पांढरे कपलर आणि अँटेनाचा जाड गोल प्लग सोडा. अँटेना वायर धरून ओढू नका, प्लग धरून ओढा.

रंगावर नाही, मीटरवर विश्वास

वर दिलेले रंग बरोबर आहेत, पण तुमची गाडी आधी कुणाच्या हातात होती ते कुणाला ठाऊक. दहा-पंधरा वर्षांत कुणीतरी अलार्म बसवलेला असतो, कुणी सबवूफर लावून काढलेला असतो. म्हणून हार्नेस लावण्याआधी निगेटिव्ह केबल परत जोडून गाडीचा कपलर मोजायचाच.

मीटर 20 व्होल्ट डीसीवर. काळं टोक बॉडीच्या उघड्या लोखंडावर. निळ्या-पिवळ्या वायरीवर किल्लीशिवायही साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. करड्यावर किल्ली काढलेली असताना शून्य, एसीसीवर बारा. हिरव्यावर पार्किंगचे दिवे लावल्यावरच. मग केबल पुन्हा सोडा आणि मीटर ओहमवर घ्या. तपकिरी आणि बॉडी यांच्यात जवळजवळ शून्य. स्पीकरच्या प्रत्येक जोडीत 3 ते 4 ओहम, कारण 4 ओहमचा स्पीकर डीसीवर थोडा कमीच दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर स्पीकर जळलेला आहे किंवा वायर तुटली आहे. तुटली असेल तर बहुधा दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत, तिथे ती दार उघडलं-मिटलं की वाकते. शेवटी प्रत्येक स्पीकरची वायर आणि बॉडी यांच्यात मोजा. इथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. दाखवलं तर ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, नवं युनिट त्यावर पहिल्याच दिवशी जाईल.

कुठली जोडी कुठल्या स्पीकरची अशी शंका असेल तर भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या आणि जोडीला क्षणभर टेकवा. ज्या दारातून "टप्" आवाज येईल तो स्पीकर. जाळीतून स्पीकरचा कागद (हलणारा पडदा) दिसत असेल तर बघा: सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कागद बाहेर येतो, उलटा असेल तर आत जातो. हे फक्त युनिट सुटं असतानाच करायचं.

बसवणं

जुन्या युनिटचे ब्रॅकेट काढून नव्याला लावा. इथे एक बारीक गोष्ट आहे: स्क्रू नव्या युनिटच्या खोक्यातलेच वापरा. ब्रॅकेटचा जुना लांब स्क्रू सहज आत जातो आणि आतल्या बोर्डापर्यंत पोचतो. पुढचा भाग पट्टीच्या पातळीत येतोय का ते स्क्रू आवळण्याआधी एकदा गाडीत धरून बघा. ब्रॅकेटची भोकं त्यासाठीच लांबट ठेवलेली असतात.

फोनचा माइक स्टिअरिंगच्या खांबावर किंवा ड्रायव्हरच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात लावतात. एसीच्या जाळीसमोर लावला तर पलीकडच्या माणसाला नुसता वारा ऐकू येतो. नव्या गाड्यांत पुढच्या काचेलगतच्या खांबाच्या पट्टीखाली पडदा एअरबॅग असते, तिथे वायर खुपसायची नाही. वायर कुठूनही न्या, पण पेडलच्या वर लोंबती ठेवू नका, झिप टायने बांधा. यूएसबीची लांब वायर ग्लोव्ह बॉक्समध्ये काढली की पेनड्राइव्हला कुणाचा धक्का लागत नाही.

स्क्रीनवालं युनिट असेल तर हँडब्रेकची वायर असते, व्हिडिओ फक्त गाडी थांबलेली असताना दिसावा म्हणून. दुकानात ती सरसकट अर्थला लावून देतात. मी तसं करणार नाही आणि कुणाला करायला सांगणार नाही.

हार्नेस लावा, अँटेना लावा, वायरींचं भेंडोळं कापडी टेपमध्ये गुंडाळा म्हणजे खडखडणार नाही. निगेटिव्ह केबल जोडा. एअरबॅगचा एखादा प्लग चुकून सुटला असेल तर तसाच ठेवून किल्ली ऑन करू नका, नाहीतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून बसतो. पट्टीचे प्लग नावं बघून लावा, पण पट्टी अजून बसवायची नाही.

पट्टी लावण्याआधी

किल्ली एसीसीवर. बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडर (पुढचं-मागचं) टोकापर्यंत फिरवून प्रत्येक स्पीकर एकटा ऐका. मग चारही एकत्र. तबला किंवा बास असलेलं काहीतरी लावा. बॅलन्स मध्यावर असताना बास गायब आणि एका बाजूला फिरवल्यावर परत आला, तर एक स्पीकर उलटा जोडला गेलाय. एकाची उलटापालट करा, सगळ्यांची नको. हेडलाइट लावा, युनिट मंद व्हायला हवं. हॉर्न, हॅझर्ड, एसीच्या पॅनेलचे दिवे, सगळं तपासा. किल्ली काढून परत लावली की स्टेशनं आणि घड्याळ जागेवर राहिलं पाहिजे. विसरत असेल तर पिवळी आणि लाल अदलाबदल झाली आहे. उलट, किल्ली काढली तरी युनिट चालूच राहत असेल तर दोन्ही कायमच्या करंटवर आहेत आणि आठवड्यात बॅटरी बसेल.

रेडिओ. इथे बहुतेकांचं लक्ष जात नाही. परदेशातून आणलेल्या किंवा तिकडच्या बाजारासाठी बनलेल्या युनिटमध्ये रेडिओचा प्रदेश अमेरिका ठेवलेला असतो. तिथे एफएम 0.2 मेगाहर्ट्झच्या पावलांनी सरकतं आणि दशांश विषमच येतात, म्हणजे 100.9 नंतर एकदम 101.1. पुणे आकाशवाणीचं 101 मधल्यामध्ये राहतं. मीडियम वेव्हलाही तिकडे 10 किलोहर्ट्झची पावलं, आपल्याकडे 9 ची. मामंजी आयुष्यभर 1251 वर सांगली आकाशवाणी ऐकत आले. 9 च्या पावलांत ते नेमकं येतं, 10 च्या पावलांत 1250 वर थांबून शिट्टी ऐकावी लागते. सेटिंगमध्ये जाऊन प्रदेश आशिया किंवा युरोप करा. आणि मीडियम वेव्ह हवीच असेल तर घेण्याआधी खोक्यावर एएम लिहिलंय का ते वाचा, पुष्कळ स्वस्त युनिटमध्ये ते नसतंच.

स्टेशनं फक्त गावातच लागत असतील तर आधी अँटेनाचा प्लग शेवटपर्यंत दाबा. काही गाड्यांच्या छतावरच्या छोट्या अँटेनाच्या बुडाशी सिग्नल वाढवणारं सर्किट असतं, त्याला युनिटच्या निळ्या वायरीतून 12 व्होल्ट द्यावे लागतात, ते राहिले की असं होतं. लायटरमधला स्वस्त मोबाइल चार्जरही एफएममध्ये खरखर आणतो. काढून बघा.

इंजिन चालू केल्यावर कुईं असा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो, तर तो अल्टरनेटरचा. बहुतेक वेळा अर्थिंग कच्ची असते. तपकिरीचा जोड तपासा, फरक पडला नाही तर युनिटच्या पाठीपासून जाड वायर घेऊन बॉडीच्या रंग खरवडलेल्या बोल्टला लावा.

एकदा बॅटरीची गळतीही मोजून घ्या. किल्ली काढा, दारं बंद करा, काही मिनिटं थांबा, निगेटिव्ह केबल सोडून ती केबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये मीटर 10 अँपिअरच्या रेंजवर लावा. 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर निर्धास्त राहा. मीटर मध्ये असताना स्टार्टर मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जाईल.

सगळं जमलं की पट्टी जागेवर धरून क्लिपा तळहाताने दाबून बसवा.

नव्या युनिटवर जुने स्पीकर लगेच बदलू नका. कागद फाटलेला नसेल तर सेटिंगमध्ये हायपास 80 ते 100 हर्ट्झवर ठेवा, म्हणजे खालचा बास त्यांच्याकडे जात नाही आणि ते बरीच वर्षं टिकतात. आवाजही उलट मोकळा लागतो.

बिल जपून ठेवा. बाहेरून बसवलेला स्टिरिओ विमा कंपनीला कळवून पॉलिसीत घालून घेता येतो. आयएमटी-24 नावाच्या कलमाखाली त्याचा थोडा वेगळा हप्ता पडतो. न कळवता चोरीला गेला तर क्लेममध्ये तो धरत नाहीत. जुना स्टिरिओ आणि त्याचे बोल्ट एका डब्यात ठेवा, गाडी विकताना काही गिऱ्हाइकं कंपनीचाच मागतात. आणि कपलर अखंड असल्यामुळे तो परत लावायला पाव तासही लागत नाही.